क्लेची पेशी की कांद्याचा पापुद्रा?

पेशी शिकवायला क्लेचं मॉडेल पोरं जाम आवडीने करतात, मायटोकॉन्ड्रिया, गॉल्जी असे पेशीतले बारीक भाग सगळे हाताला लागतात जे शाळेच्या मायक्रोस्कोपखाली धड दिसतच नाहीत, पण मग पेशी म्हणजे रंगीत गोळ्यांचं ताट असंच डोक्यात बसतं. माझं मत कांद्याला, नाशकात त्याला काय तोटा! आतला पातळ पापुद्रा, आयोडीनचा थेंब, कव्हरस्लिप (वरची पातळ काच) तिरकी सोडायची नाहीतर बुडबुडे येतात आणि पोरं त्यालाच केंद्रक म्हणतात. दुसरी स्लाइड लाल कांद्याच्या रसाळ पाकळीवरच्या जांभळ्या पापुद्र्याची (वरच्या सुक्या सालीची नव्हे), बिनआयोडीनची, कडेने मिठाचं पाणी सोडा की जांभळा रंग पेशीच्या भिंतीपासून सुटून आकसताना दिसतो, क्लेला हे जन्मात जमणार नाही. हरितलवकं (पेशीतले हिरवे कण) मात्र कांद्यात शोधू नका, त्यासाठी हायड्रिला या पाणवनस्पतीचं पान घ्या.