चित्रकलेचा क्लास की आर्ट थेरपी?
नववीतला मुलगा घुम्यासारखा बसतो, रंग मात्र आवडतात. कुठे घालू, असं मैत्रिणीने विचारलं.

खर्चात क्लास स्वस्त. आर्ट थेरपी म्हणजे चित्रांच्या आधाराने मनावर उपचार; तिथे थेरपिस्ट दर बैठकीचे पैसे घेतात. पण क्लासचा डोळा एलिमेंटरी-इंटरमिजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांवर. सर शेडिंग सुधारणार, ग्रेड लागणार (दहावीचे वाढीव गुण हे आईबापांचं खरं आमिष). थेरपीत चित्र बिघडलं तरी चालतं. पोराने काळ्या खडूने कागद फाटेस्तोवर गिरबटला, तरी कुणी रागवत नाही. ‘हे काळं काय सांगतंय?’ एवढंच विचारतात. उत्तर नाही आलं तर थांबतात. मनातलं सांगायला शब्द सापडत नाहीत त्या वयात हे मोलाचं.

अभ्यासाचा कंटाळा, एकटेपणा एवढंच असेल तर क्लास पुरे. राग आवरेना, झोप-जेवण बिघडलं, तर थेरपिस्ट. स्वतःला इजा करत असेल तर आधी मानसोपचारतज्ज्ञ. रात्री-बेरात्री टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.