छाती-खांदा दुखतो: आधी तालुक्याचा सरकारी दवाखाना की शहरातला स्पेशालिस्ट?

छातीवर दाब, दरदरून घाम, दम लागणं, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात उतरणं, असं काही असेल तर हे वाचत बसू नका. ‘गॅस असेल’ म्हणून सोडा न पिता १०८ ला फोन लावा. शुगरवाल्यांना, बायकांना आणि म्हाताऱ्या माणसांना कधी कधी कळ येतही नाही, नुसता दम किंवा मळमळ होते, तेव्हा त्यांनी जास्तच जपावं. पुढचं सगळं अधूनमधून चमकून जाणाऱ्या, मधेच गायब होणाऱ्या दुखण्याबद्दल आहे. तेच आपण हंगामभर अंगावर काढतो.

चोळून नस बसवून देणारे तुलनेत धरत नाही. आधी एक ईसीजी निघू द्या, मग काय चोळायचं ते चोळा.

शहरातल्या खाजगी दवाखान्याचं खरं ते सांगतो. मशिनी चांगल्या, इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी) एकाच छताखाली, संध्याकाळीही डॉक्टर भेटतात. मला खटकलं ते वेगळंच. डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचायच्या आधीच काउंटरवर तपासण्यांची चिठ्ठी हातात पडली. सगळं नॉर्मल निघालं, फाईल जाड झाली, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून पित्ताच्या गोळ्या मिळाल्या. पण तुम्ही काम काय करता, हे शेवटपर्यंत कोणी विचारलं नाही. नेमकं कुठं दुखतं ते बोट ठेवून दाखवा, असंही कोणी म्हटलं नाही. माझा शर्ट ईसीजीवाल्या पोराशिवाय कोणासाठी निघालाच नाही. सगळे स्पेशालिस्ट असेच, असं मी म्हणणार नाही. माझ्या वाट्याला हे आलं.

तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात रांग आहे, बाकडी मोडकी आहेत, साहेब मीटिंगला गेले असले तर गेले. पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी आधी ईसीजी काढला, तो बघितला आणि मग विचारलं, “दुखायच्या आदल्या दिवशी काय केलं होतं?” फवारणी. पाठीवर सोळा लिटरचा पंप, एका हातानं दांडा सारखा वरखाली. त्यांनी छातीच्या मधल्या हाडाच्या कडेला, बरगडी जिथं जोडते तिथं अंगठा दाबला आणि मी टेबलावरून उडालोच. खांद्यावर पट्ट्याचा काळा वळ होता, तोही त्यांनीच मला दाखवला. बरगडीचा कूर्चेचा सांधा सुजला होता. काही दिवस पंप बंद आणि सुजेची गोळी, एवढाच उपाय सांगितला. राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत, तेव्हा खर्च म्हणाल तर एसटीचं तिकीट.

फवारणीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. फवारता फवारता छाती आवळली, घाम, लाळ सुटली, नजर धूसर झाली, तर ते स्नायूचं दुखणं नव्हे, औषध अंगात गेलं असं समजा. कपडे काढा, अंग साबणानं धुवा आणि औषधाचा डबा सोबत घेऊन लगेच दवाखाना गाठा. २०१७ मध्ये यवतमाळात वीसच्या वर माणसं यातच गेली.

बाकीचे संशयित डॉक्टरवर सोडा, पण सांगताना खुणा नीट सांगा. जेवून आडवं झालं की छाती जळते ते बहुधा पित्त. तर्रीदार जेवणानंतर पोटाच्या उजव्या बाजूला वरून कळ निघून उजव्या खांद्याकडे जात असेल तर पित्ताशयातले खडे बघून घ्यावे. मानेतून निघून बोटांत मुंग्या येत असतील तर मणका. शुगर असून हात वर जाणंच बंद झालं असेल तर खांदा आखडलाय. एकाच बाजूला कातडीची आग होत असेल तर नागीण, तिचे फोड नंतर उठतात.

सरकारीकडे माझा कल आहे हे लपवत नाही, पण एका बाबतीत मी शहराकडेच बोट दाखवीन. चालताना, पोतं उचलताना छाती भरून येते आणि बसलं की थांबते, असं असेल तर तालुक्याचा ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका. बसल्या जागी काढलेल्या पट्टीत हे दुखणं बहुतेक वेळा सापडत नाही. अशा वेळी हृदयाच्या डॉक्टरकडे जाऊन टीएमटीबद्दल विचारा. आमच्या भागात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालयही आहे, दर वेळी नागपूर गाठायची गरज नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्यांनी तर ही शंका आधी धरावी आणि डॉक्टरपुढं खर्रा लपवू नये.

तालुक्याला जायचं ठरलं तर सकाळची ओपीडी गाठा. दुपारनंतर ईसीजीवाला जागेवर असेलच, याची हमी मी देत नाही.