पन्नास इंच सांगून त्रेचाळीस इंचांचा कोट

भाचीला पुढच्या शिक्षणासाठी जर्मनीला जायचं होतं. तिकडं हिवाळी सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि पाठोपाठ थंडीही. आपल्या कोल्हापूरच्या थंडीला एक शाल पुरते, त्यामुळं इथं लांब लोकरीचे कोट ठेवतंय कोण? राजारामपुरी झाली, गांधीनगरच्या होलसेलवाल्यांकडंही विचारून झालं. जाकिटं ढिगानं, पण सगळी कमरेपर्यंत. लांब म्हणून जे काढून दाखवलं ते अंगालगत शिवलेलं, वर कमरेला आवळायचा पट्टा. भाची हिजाब वापरते. तिला सैल, अंगाचा आकार न दाखवणारा आणि घोट्याच्या जरा वर संपणारा कोट हवा होता. त्याहून लांब नको, कारण बर्फाच्या चिखलात कड भिजत राहते.

म्हणून मोबाइलवर शोध सुरू झाला. एका पेजचं नाव अरबी वळणाचं, खाली ‘खास पर्दानशीन बहिणींसाठी’. मेसेज केला की सलामनं सुरुवात, मग गोड आवाजातले व्हॉइस मेसेज. ‘आपा, आप बेफिक्र रहो, हलाल कमाई का धंदा है अपना.’ दर ७,८०० रुपये, ‘८० टक्के वूल’, लांबी ५० इंच. घरपोच आल्यावर पैसे द्यायची सोय नाही, आधी यूपीआयनं भरा. कारण काय, तर ‘बहिणी पार्सल परत पाठवतात, नुकसान होतं.’ आता माझं स्पष्ट मत झालंय: कापड विकताना कुणी इमानाची हमी द्यायला लागला, तर त्याला आधी कापडाचं लेबल दाखवायला सांगावं.

पार्सल आलं तेव्हा कुरिअरच्या चिठ्ठीवरचं वजनच बोलत होतं. नऊशे ग्रॅम. एवढ्या लांबीचा लोकरीचा कोट सहसा दीड-दोन किलोच्या खाली येत नाही. भाचीनं तो घातला आणि ताईनं मागून बघून नुसतं ‘अगं बाई’ म्हटलं. कोट पोटरीच्या मध्यावरच संपत होता. टेप लावला, तर खांद्याच्या वरच्या टोकापासून कडेपर्यंत ४३ इंच. त्याहून वाईट म्हणजे मागची चीर. ती कडेपासून १७ इंच वर गेलेली, त्यामुळं पाऊल टाकलं की कोट गुडघ्याच्याही वर उघडायचा. फोटो सगळे समोरून होते, मागची बाजू एकाही फोटोत नव्हती. आणि समोरच्या फोटोंतली गंमत नंतर कळली: पुतळ्याची दांडी पार खाली घेतलेली, म्हणून कड जमिनीला टेकल्यासारखी दिसते.

कॉलरच्या आत ‘वूल ब्लेंड’ लिहिलेलं चकचकीत लेबल होतं, चारही बाजूंनी घट्ट टिपलेलं. एरवी लेबल वरून नाहीतर दोन टोकांना शिवतात. शाहूपुरीतल्या आमच्या शिंपीचाचांनी टिपा उसवल्या, तर खाली दुसरं लेबल: १०० टक्के पॉलिएस्टर. चाचांनी आतल्या शिवणीतले चार धागे ओढून काडी लावली. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटानं चुरडते. हे धागे वितळले, आक्रसले आणि टोकाला काळा कडक मणी झाला. लांबी वाढवता येईल का विचारलं, तर चाचांनी कड उलटून दाखवली. आत बोटभरही कापड दुमडलेलं नव्हतं. ‘यात काय सोडणार बेटा, मुळात कापडच चोरलंय.’

विक्रेत्याला टेपसकट फोटो पाठवले. आधी उत्तर आलं की मापात इंच-दोन इंच इकडंतिकडं होतं. सात इंच म्हटल्यावर, मोजायची पद्धत वेगळी, आम्ही कॉलर उभी करून मोजतो. कॉलर सात इंचांची असते होय? मग, सेलचा माल परत नाही. मग ब्लॉक.

असं सांगून तुम्हालाही कुणी वाटेला लावत असेल, तर ऐका. ऑनलाइन विक्रीचे २०२० चे नियम आहेत. माल जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ‘सेल’ म्हणून सुटका नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यानं तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे विक्रेता कुठलाही असो, कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षांची. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार नोंदवली. पंचाईत पत्त्याची. बिलावर नुसतं शहराचं नाव, आणि जीएसटी क्रमांक १४ अक्षरांचा. खरा १५ अक्षरांचा असतो आणि त्याचे पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. जीएसटीच्या साइटवर तो टाकला की व्यापाऱ्याचं नाव निघतं. पैसे भरायच्या आधी बिलाचा नमुना मागा आणि क्रमांक तपासा, दोन मिनिटांचं काम आहे.

आणि असा कोट कुणाला घ्यायचाच असेल, तर खांद्याच्या वरच्या टोकापासून कडेपर्यंत टेप लावलेला व्हिडिओ मागवा, एका दमात काढलेला. कोट घालून चालणारं माणूस मागून दाखवायला सांगा. शेवटचं बटण कुठं येतं ते विचारा, गुडघ्याच्या वर संपत असेल तर वाऱ्यात पुढचे पदर उडणार. हिजाबवर कोटाची टोपी ओढायची असेल, तर तिची खोलीही मापून घ्या. चाचा आणखी एक सांगतात, अस्तर पॉलिएस्टरचं असलं की कोरड्या थंडीत ते सलवारीला चिकटतं आणि जो आकार झाकायचा तोच दिसतो.

भाची थर्मल आणि माझी जुनी शाल घेऊन गेली, कोट तिकडंच घेतला. आमचे पैसे अजून आलेले नाहीत, तक्रार चालू आहे. ते पेज मात्र आता नव्या नावानं सुरू आहे. फोटो तेच आहेत: बदामी रंगाचा कोट, डाव्या बाहीवर तीनऐवजी दोनच बटणं, मागं हिरवा पडदा. दर आता ६,९९९ केलाय.