आठ महिन्यांनंतर: एजंटला लॉग लेव्हल बदलू देणारं टूल

लॉग लेव्हल म्हणजे प्रोग्रामने आपल्या कामाच्या नोंदी (लॉग) किती बारकाईने लिहायच्या याची पायरी; ‘डीबग’ ही सगळ्यात बारीक. गेल्या आठवड्यात सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात स्टॉक सांगणारा एजंट (टूल वापरून कामं करणारं एआय मॉडेल) रात्रभर ‘डीबग’वर राहिला आणि सकाळी लॉगच्या फायलीने डिस्क भरली. लेव्हल बदलणारं टूल बिघडलं नव्हतं. संध्याकाळी एका ऑर्डरची गठ्ठ्यांची बेरीज चुकत होती. ती शोधायला एजंटने लेव्हल ‘डीबग’वर नेली, चूक सापडली, आणि लेव्हल तिथेच राहिली. काम झाल्यावर ती परत न्यायची असते, हे टूलच्या वर्णनात कुठेच लिहिलेलं नव्हतं. एजंटला टूलबद्दल तेवढंच कळतं जेवढं वर्णनात असतं.

एमसीपी (एआय मॉडेलला टूल जोडून देणारा प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांना ‘लॉगिंग/सेटलेव्हल’ ही लॉग लेव्हल बदलण्याची विनंती माहीत आहेच. मुळात ही विनंती क्लायंट, म्हणजे मॉडेल चालवणारं ॲप, टूल पुरवणाऱ्या सर्व्हरला पाठवतो, या टूलने तीच किल्ली मॉडेलच्या हातात दिली. पण मूळ विनंतीचं उत्तर रिकामं असतं: दोन महिरपी कंस, आत काही नाही. आधी कोणती लेव्हल होती ते कळत नाही, आणि आता कोणती आहे ते विचारायला प्रोटोकॉलमध्ये वेगळी विनंतीही नाही. टूलनेही तेच रिकामं उत्तर जसंच्या तसं पुढे दिलं. जे आधी काय होतं तेच माहीत नाही, ते एजंट परत कसं ठेवणार? आठ महिन्यांत जेवढा त्रास झाला, त्यातला बहुतेक या एका जागेतून आला.

दुरुस्ती फार मोठी नाही. चालू लेव्हल सर्व्हरमध्ये त्या सेशनपुरती (एका क्लायंटच्या एका जोडणीपुरती) जपून ठेवा आणि उत्तरात ‘आधी वॉर्निंग, आता डीबग’ असं स्पष्ट द्या. काही न देता टूल बोलावलं तर फक्त चालू लेव्हल सांगावी. वर्णनात एक वाक्य घाला: ‘तपास संपला की याच टूलने आधीची लेव्हल परत लावा.’ तेवढ्यावर विसंबू नका. ‘डीबग’ला १० मिनिटांची मुदत ठेवा, मग सर्व्हरने आपणहून मागे यावं. आणि लेव्हल सगळ्या सेशनना सामायिक असलेल्या ग्लोबल व्हेरिएबलमध्ये ठेवू नका. एचटीटीपीवर एकाच सर्व्हरला तीन जण जोडलेले असले तर एकाचा ‘डीबग’ तिघांच्या माथी येतो.

दुसरी गोष्ट नावांची. सिसलॉग या जुन्या लॉग पद्धतीचं मानक असलेल्या आरएफसी ५४२४ मधल्या आठ पायऱ्या एमसीपीने घेतल्या आहेत, आणि त्यात शब्द ‘वॉर्निंग’ आहे. जावास्क्रिप्टच्या अनेक लायब्ररींत ‘वॉर्न’ असतं, म्हणून मॉडेल सवयीने तेच पाठवतं. सर्व्हर वजा ३२६०२ हा ‘पॅरामीटर चुकीचा’ असं सांगणारा एरर कोड देतो, एजंट पुढे निघून जातो आणि लेव्हल जुनीच राहते. टूलला काय द्यायचं ते ठरवणाऱ्या स्कीमात हे आठ शब्द ठरीव यादी म्हणून दिल्यावर हा प्रकार थांबला. आकडे मात्र स्वीकारूच नका. सिसलॉगमध्ये ० म्हणजे इमर्जन्सी आणि ७ म्हणजे डीबग, तर पायथनमध्ये डीबग १० आणि क्रिटिकल ५०. दिशाच उलटी. पायथनची ‘मोठा किंवा समान’ ही तुलना सिसलॉगच्या आकड्यांवर लावली की एरर अडतात आणि डीबगचा पूर येतो.

सुरुवातीला आठ पायऱ्या म्हणजे उगाच पसारा वाटल्या होत्या. आता मत बदललं आहे, निदान ‘नोटिस’बाबत. लेव्हल कोणी आणि कधी बदलली याची नोंद ‘नोटिस’वर टाकली की ‘इन्फो’च्या गर्दीत ती हरवत नाही. पायथनमध्ये ही पायरी नसते, २५ या आकड्यावर ती आपण जोडून घ्यायची. ‘अलर्ट’ आणि ‘इमर्जन्सी’ मात्र चादर-टॉवेलच्या हिशोबात अजून एकदाही लागल्या नाहीत.

खर्चाचंही पाहा. क्लायंट लॉगचे संदेश मॉडेलच्या संदर्भात टाकत असेल तर प्रत्येक ओळीचे टोकन (मॉडेल मजकूर ज्या तुकड्यांत वाचतं ते) मोजले जातात, आणि तोच मजकूर देवनागरीत असला की इंग्रजीपेक्षा सहसा जास्त टोकन खातो. म्हणून ‘डीबग’मध्ये गिऱ्हाईकाचं पूर्ण नाव न छापता ऑर्डर क्रमांक छापा. मोबाइल नंबर, पत्ता, पासवर्ड लॉगमध्ये नकोतच, एमसीपीचं स्पेसिफिकेशनही तेच सांगतं.

सर्व्हर एसटीडीआयओवर (एचटीटीपीऐवजी स्टँडर्ड इनपुट-आउटपुटमधून) चालवत असाल तर साधी प्रिंट ओळ स्टँडर्ड आउटपुटवर जाऊ देऊ नका, त्याच वाटेने जाणारा एमसीपीचा जेसन संदेश तुटतो. ती स्टँडर्ड एररवर पाठवा.

वीज गेली आणि यूपीएसने दम सोडला की प्रोसेस मरते, उठल्यावर लेव्हल पुन्हा मूळ ठिकाणी. म्हणून मूळ लेव्हल कोडमध्ये न लिहिता कॉन्फिगमध्ये ‘वॉर्निंग’ ठेवा, आणि सर्व्हर उठताच चालू लेव्हल स्टँडर्ड एररवर छापा. ती ओळ नसेल तर बदललेली लेव्हल टिकली की गेली हे दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.