मॉरोविंड हा गेम, 2009 च्या पीसीवर: बाण नाही, पत्ता विचारत जा

आमच्या घरातला डेस्कटॉप 2009 सालचा आहे. कोअर टू ड्युओ, 4 जीबी रॅम (त्यातली विंडोज 7 ला सव्वातीनच्या आसपासच दिसते, 32 बिट आहे ना), हार्ड डिस्क चालू झाली की शेजारच्या खोलीत कळतं, आणि स्क्रीन 17 इंची, चौकोनी. भाऊ गेली पाच वर्षं मागे लागलाय की भंगारात दे, पण चालू वस्तू टाकायची आमच्याकडे पद्धत नाही आणि तसंही बँकेचं आणि टायपिंगचं काम त्याच्यावर मस्त होतं. प्रश्न आला तो गेमचा. रात्री जेवणं झाल्यावर तास-दीड तास काहीतरी खेळावं, तलवार, जादू, गुहा असलं काहीतरी, एवढीच इच्छा होती.

आधी स्कायरिम करून बघितला. तो 2011 चा, कागदावर 2 जीबी रॅम आणि 512 एमबीचं ग्राफिक कार्ड मागतो, म्हटलं चालेल. माझ्याकडे तेव्हा बोर्डावरचंच ग्राफिक. सुरुवातीला बैलगाडीसारख्या एका गाडीतून कैद्यांना नेतात तो सीन आहे, तो मी अक्षरशः फोटोच्या अल्बमसारखा बघितला, एक फोटो, मग दुसरा फोटो. गाडी गावात पोचेपर्यंत माझा चहा संपला. आणि नंतर आलेली स्पेशल एडिशन तर 64 बिट आणि 8 जीबी रॅमवाली, म्हणजे तिच्याकडे बघायचंही कारण नाही.

मग एका मित्राने सांगितलं की अरे त्याच बेथेस्डा कंपनीचा त्याच मालिकेतला आधीचा घे, मॉरोविंड, 2002 चा. गरज किती, तर 500 मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, 256 एमबी रॅम, 32 एमबीचं कार्ड आणि 1 जीबी जागा. माझ्या मशीनला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी पहिलवान म्हटल्यासारखं वाटलं. जीओजी या गेम विकणाऱ्या साईटवर सेलमध्ये घेतला, दोन्ही एक्सपान्शन (नंतर आलेले जोडभाग) सकट, म्हणजे ट्रायब्युनल आणि ब्लडमून. तिथूनच घ्या असं सांगीन, कारण इन्स्टॉलर डाऊनलोड करून ठेवता येतो, कुठलं क्लायंट सॉफ्टवेअर लागत नाही. स्टीम या दुसऱ्या गेमच्या दुकानाने 1 जानेवारी 2024 पासून विंडोज 7 चा सपोर्ट बंद केलाय, त्यामुळे जुन्या मशीनवाल्यांनी आधी हे बघावं आणि मग पैसे भरावेत.

बोर्डावरच्या ग्राफिकवरही चालत होता पण बाहेर मोकळ्या जागेत अडखळायचा. म्हणून पुण्यात बुधवार पेठेत तापकीर गल्लीच्या आसपास फिरून एक जुनं जीफोर्स 210 ग्राफिक कार्ड आणलं, 1 जीबी, 900 रुपयांत. पहिलं कार्ड घरी आणल्यावर स्क्रीनवर हिरव्या रेघा, दुकानदार म्हणतो तुमच्या एसएमपीएसचा (पॉवर सप्लायचा) प्रॉब्लेम, मी म्हटलं तुमच्याच टेबलावर लावून बघा, तिथंही रेघा. मग दुसरं दिलं, चेहरा मात्र असा की जणू माझ्यावर उपकार केलेत. असो. मग दोन दिवस गेम मध्येच बंद पडायला लागला, मी गेमला शिव्या घातल्या, निघालं काय तर रॅमचे पाय काळे पडलेले. खोडरबर घेऊन सोनेरी पट्ट्या घासल्या, पेंटच्या ब्रशने पंख्यातली धूळ काढली, तेव्हापासून एकदाही पडला नाही. कुठलाही जुना गेम बंद पडत असेल तर आधी खोडरबर, मग इंटरनेट.

आता गेमकडे येतो. तुम्ही कैदी म्हणून जहाजातून उतरता, गावाचं नाव सेडा नीन, आणि उतरल्या उतरल्या कुठं नेतात तर सरकारी कचेरीत! जनगणना आणि जकात खातं. एक म्हातारा कारकून समोर कागद घेऊन बसलेला असतो, तो तुमचा पेशा विचारतो, जन्म कुठल्या राशीवर झाला विचारतो, मग ते कागद घेऊन दुसऱ्या टेबलावर जायचं. मला इतकं घरच्यासारखं वाटलं की काय सांगू. फक्त झेरॉक्स आणि दोन फोटो मागितले नाहीत. पुढं एक पाकीट हातात देतात, म्हणतात हे बालमोरा गावात कायस कोसाडेस नावाच्या माणसाला नेऊन दे. बस. नकाशावर बाण नाही, ठिपका नाही, जमिनीवर चमकणारी रेघ नाही.

आणि इथंच मला हा गेम आवडला. माझा भाचा सुट्टीत राहायला आला होता, तो मोबाईलवर खेळणारा, पाच मिनिटं शेजारी बसून म्हणाला, "मामा, जायचं कुठं हे दिसतच नाहीये, बाण कुठाय?" म्हटलं बाण नाही, विचारायचं. "कुणाला?" रस्त्यावर जो दिसेल त्याला. "आणि त्यांनी चुकीचं सांगितलं तर?" तर चुकायचं. त्याला हे पटलं नाही. पण आपण पुण्यातली माणसं, आपल्याला पासोड्या विठोबापासून पत्र्या मारुतीपर्यंत देवांच्या खुणेवर पत्ते सांगायची सवय, सरळ जा, पिंपळ लागेल, तिथून डावीकडे आणि पुढं कुणालाही विचारा. मॉरोविंड पूर्ण असा चालतो. म्हणजे उदाहरणार्थ पहिलंच मोठं काम, एका जुन्या भग्न जागेतून एक चौकोनी धातूचा डबा आणायचा, तर काम देणारा माणूस सांगतो की गावातून दक्षिणेला बाहेर पड, पूल ओलांडून पूर्वेला जा, मूनमॉथचा किल्ला लागेल, पाटी बघ, मग ड्वेमर नावाच्या प्राचीन लोकांनी बांधलेला जुना पूल, आणि तिथल्या पाईपवरची कळ फिरवली की दार उघडतं. सगळं लिहून घ्यावं लागतं. मी शंभर पानी वही केलीय, आईला वाटलं हिशोब लिहितोय.

तो डबा मला साडेतीन दिवस सापडला नाही. रोज रात्री तासभर तीच अंधारी भुयारं. शेवटी एका खोलीत फळीवर पडलेला, तळहाताएवढा, मी त्या फळीसमोरून निदान चार वेळा गेलो असेन. राग आला, आणि मजाही आली, दोन्ही एकदम. त्या नंतर मी प्रत्येक फळी बघतो.

जुन्या मशीनच्या बाजूने हा गेम का बसतो हे मला खेळताना हळूहळू कळलं. एक म्हणजे धुकं. लांबचं काही दाखवतच नाही, थोडं पुढं गेलं की करड्या रंगात सगळं विरघळतं, आणि ऑप्शनमध्ये व्ह्यू डिस्टन्सची पट्टी आहे ती निम्म्यावर आणली, रियल टाईम सावल्या शून्य केल्या की मशीन सुटसुटीत पळतं. इतर गेममध्ये धुकं वाढवलं की जग छोटं वाटतं, इथं उलटं, पुढं काय आहे दिसत नाही म्हणून मोठं वाटतं. बाण असता तर मी धुक्यातून सरळ चाललो असतो, बाण नाही म्हणून प्रत्येक दगड बघत जातो. घरात, गुहेत सेकंदाला 60 फ्रेम (चित्रं) मिळतात, बाहेर तिशीच्या आसपास.

व्हिवेक शहरात मात्र वाट लागते, पंधरा-सोळावर येतं. ते शहर म्हणजे पाण्यात उभे केलेले मोठमोठे मजले, खूप माणसं, खूप वस्तू, आणि हा गेम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतो, त्यामुळे दुसरा कोअर नुसता बसून बघत असतो. नवं कार्ड टाकून याला फारसा फरक पडत नाही हे आधी माहीत असतं तर ते 900 पण वाचले असते का, तर नाही, बाहेरच्या भागात फरक पडला खरंच.

प्रवासाची सोय छान आहे. सिल्ट स्ट्रायडर नावाचा एक अजस्र किडा असतो, उंच पायांचा, त्याच्या पाठीचं कवच कोरून आत माणसं बसवतात, म्हणजे तिथली पीएमटी बसच, फक्त थांब्यावर उभी असते आणि पैसे दिले की निघते. सगळीकडे जात नाही, ठराविक गावं. मग पुढं बोट, मग मेजेस गिल्डमधली, म्हणजे जादूगारांच्या संघटनेतली बाई मंतर मारून दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवते. कुठून कुठं काय मिळतं हे डोक्यात बसलं की स्वारगेटला कुठली बस कुठं लागते ते माहीत असल्यासारखा माज येतो.

आता वाईट बाजू, कारण नुसतं कौतुक वाचून कोणी घेतलं तर मला शिव्या देईल. पहिले पाच-सहा तास मारामारी अत्यंत वैतागवाणी आहे. तलवार समोरच्या खेकड्याच्या अंगातून जाताना दिसते आणि लागत नाही. कारण आत फासे पडतात, तुमचं कौशल्य कमी आणि हिरवी पट्टी, म्हणजे दम, संपलेला असेल तर वार हुकणारच. मी पळत पळत जाऊन भिडायचो, पळण्यात दम संपायचा, आणि मग खेकडा मला मारायचा. खेकडा! एक उपाय, जे हत्यार वापरणार ते सुरुवातीला मेजर स्किलमध्ये (मुख्य कौशल्यांत) घ्या, आणि भिडायच्या आधी चालत जा. हे कळलं की गेम बदलतो.

दुसरं म्हणजे क्लिफ रेसर. उडणारे प्राणी, किंचाळत येतात, एक मारला की दुसरा, तुम्ही शांतपणे डोंगर चढताय आणि मागून तो आवाज. गल्लीतली कुत्री बरी, ती निदान ओळखीची झाली की गप्प बसतात. तिसरं, बोलणं जवळपास सगळं लिहिलेलं आहे, आवाज थोडाच, त्यामुळे इंग्रजी भरपूर वाचावं लागतं. मला चाललं, भाच्याला नाही.

गेममधली डायरी तारखेप्रमाणे नुसती भरत जाते, कुठलं काम कुठं लिहिलंय सापडत नाही. ट्रायब्युनलमुळे कामाप्रमाणे लावून बघायची सोय आली, म्हणून एक्सपान्शनवालाच घ्या. आणि मॉरोविंड कोड पॅच नावाची दुरुस्तीची फाईल टाका, जुन्या बऱ्याच चुका त्याने निघतात. ओपनएमडब्ल्यू म्हणून एक वेगळं फुकट इंजिनही आहे, मूळ गेमच्या फाईली घेऊन चालतं, लिनक्सवालेही वापरू शकतात, पण त्याच्याबरोबर कोड पॅच लागत नाही, दोन्ही एकत्र करायच्या भानगडीत पडू नका.

एक गोष्ट फार आवडली. महत्त्वाच्या माणसाला तुम्ही मारलंत तरी गेम अडवत नाही, फक्त एक पाटी येते, अर्थ असा की आता भविष्यवाणीचा धागा तुटला, जुना सेव्ह उघड नाहीतर या बिघडलेल्या जगात रहा. पुणेरी पाटीच ती. सांगायचं काम केलं, पुढं तुमचं तुम्ही बघा.

सेव्हबद्दल मात्र सांभाळा. दारातून आत-बाहेर केलं की आपोआप सेव्ह वगैरे लाड नाहीत, झोपलात तर होतो, नाहीतर एफ 5 दाबायचं. मी एका गुरुवारी, आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट गुरुवारी घालवतात हे जन्मापासून माहीत असून, सकाळी सुट्टी म्हणून खेळत बसलो. यूपीएस दोन वेळा ओरडला आणि दीड तासाचं सगळं गेलं, एक चांगली ढाल होती त्यात. वर लाईट आल्यावर बायोसमधली, म्हणजे मशीनची स्वतःची तारीख 2009 झालेली, बोर्डावरचा सेल संपलेला, त्यामुळे पुढचे सगळे सेव्ह जुन्या तारखेचे आणि कुठला ताजा ते ओळखू येईना. 30 रुपयांचा सीआर 2032 सेल टाकला. तुमच्या जुन्या मशीनचा आजच बदला.

मुख्य गोष्टीत मी अजून फार पुढं गेलेलो नाही. तो कायस कोसाडेस पाकीट घेतो आणि म्हणतो तू अजून कच्चा आहेस, जा, कुठल्यातरी गिल्डमध्ये नोकरी कर, अनुभव घेऊन ये. मी खरंच गेलो, आणि त्या डब्याचं काम सोडलं तर दीड महिना झाला, मुख्य कामाकडे परतच गेलेलो नाहीये. सध्या आल्ड-रून मध्ये आहे, राखेचं वादळ सुटलंय, माणसं चेहऱ्यावर हात धरून चालतायत, एका घराचा पत्ता दोघांनी दोन वेगळे सांगितलेत. उद्या गुरुवार आहे, तेव्हा आज घर सापडो न सापडो, गिल्डमध्ये जाऊन झोपणार.