तड्यांच्या वाटीत कुंचले धुताना : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेले नऊ महिने माझ्या लिहिण्याच्या मेजावर चिनी मातीच्या तीन जुन्या वस्तू आहेत : कुंचले धुण्याची उथळ वाटी, कुंचला टेकवण्यासाठी पाच शिखरांचा छोटासा डोंगर आणि पाणी ठेवण्याची लिंबाएवढी कुपी. तिन्हींच्या झिलईवर तड्यांची जाळी आहे आणि ती घडवणाऱ्याने मुद्दाम आणलेली आहे. नोकरीनिमित्त मी हाँगकाँगला राहतो, रोज सकाळी पाऊण तास चिनी सुलेखनाचा सराव करतो आणि या वस्तू काचेच्या कपाटात न ठेवता त्याच कामाला वापरतो. जुनी वस्तू वापरल्याने तिचे काय होते आणि दुकानात जे कळत नाही ते वापरात कसे कळते, याविषयी मला जे उमगले ते येथे लिहितो.

झिलई म्हणजे मातीच्या अंगावर चढलेला काचेचा थर. भट्टीतून निघालेले भांडे थंड होताना माती आणि काच दोन्ही आकसतात. काच मातीपेक्षा अधिक आकसली की तिच्यावर ताण येतो आणि ती तडकते. भांडे बाहेर काढल्यावरही त्यातून बराच काळ जी बारीक टिणटिण ऐकू येते, ती याचीच. एरवी कोणताही कुंभार याला दोष मानील. चीनमधल्या दक्षिण सोंग घराण्याच्या काळात (1127–1279) मात्र, राजधानी आजच्या हांगचौ येथे असताना, तेथील ‘ग्वान’ म्हणजे सरकारी भट्ट्यांनी हाच दोष जाड, करड्या-निळसर झिलईत जाणीवपूर्वक जोपासला. त्याच कुळातली ‘ग’ भांडी. ‘ग’ म्हणजे थोरला भाऊ. लाँगच्वान येथे दोन कुंभार भाऊ होते आणि थोरल्याच्या भट्टीतली भांडी तडकलेली निघत, अशी आख्यायिका आहे. ती भट्टी प्रत्यक्षात कोठे होती, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे.

या भांड्यांवर तड्यांचे दोन थर दिसतात. रुंद, काळसर रेषांची मोठी जाळी आणि तिच्या घरांत पिवळट, केसाएवढ्या रेषांची बारीक जाळी. चिनी रसिक या जोडीला ‘सोन्याचा दोरा, लोखंडी तार’ म्हणतात. आधी पडलेल्या मोठ्या तड्यांत गडद रंग मुरवला जाई आणि नंतर पडलेल्या बारीक तड्यांना फिकट छटा येई, असे त्याचे स्पष्टीकरण दिले जाते. दुसरी ओळखीची खूण म्हणजे ‘जांभळे ओठ, लोखंडी पाय’ : काठावर झिलई ओघळून पातळ होते, तेथे लोहयुक्त काळी माती जांभळट दिसते, आणि बुडाच्या कडेला ती उघडीच असते.

खरी सोंगकालीन भांडी संग्रहालयांत आहेत आणि लिलावात एखादे आले तर त्याची किंमत कोट्यवधींत जाते. माझ्या तिन्ही वस्तू एकोणिसाव्या शतकात जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी त्या धर्तीवर झालेल्या आहेत. हे मला कोणी सांगितले म्हणून मी मानत नाही. वाटीच्या बुडाच्या तपकिरी कडेला तांदळाच्या कणीएवढा टवका उडालेला आहे आणि त्याच्या आत माती स्वच्छ पांढरी दिसते. म्हणजे तपकिरी रंग वरून लावलेला आहे, अंगाचा नाही. जिंगदेझेनच्या कारागिरांनी पांढऱ्या मातीला असेच ‘लोखंडी पाय’ दिले. बुडाखाली मिंग घराण्यातल्या छंगह्वा बादशहाच्या (1465–1487) नावाचा चार अक्षरी छापही आहे. मिंगनंतरच्या छिंग घराण्याच्या काळाच्या अखेरीस हा छाप तपकिरी चौकटीत सर्रास मारला जाई, त्यामुळे तो पाहून वस्तू मिंग काळातली समजू नये. जुन्याला मान देण्यासाठी वापरलेले ते नाव आहे.

आता वापराविषयी. सहाणेवर गंध उगाळावे तशी शाईची कांडी दगडावर उगाळावी लागते, आणि त्यासाठी थेंबाथेंबाने पाणी घ्यावे लागते. कुपी त्यासाठी आहे. तिच्यासोबत तांब्याची इवलीशी पळी असते. पाणी किती घ्यावे हे हाताला कळायला मला दोन महिने लागले, आणि त्या काळात ही कुपी नळापेक्षा किंवा बाटलीपेक्षा कितीतरी उपयुक्त का आहे तेही कळले : तोंड लहान असल्याने धूळ पडत नाही आणि पळीत एका वेळी येते तेवढेच पाणी दगडाला पुरते. डोंगराविषयी सांगण्यासारखे थोडे आहे. ओला कुंचला त्याच्या दोन शिखरांमध्ये नीट बसतो, घरंगळत नाही, कागदाला डाग लागत नाही.

वाटी मात्र नऊ महिन्यांत बदलली. घेतली तेव्हा तळाकडच्या बारीक रेषा मधासारख्या पिवळ्या होत्या. चौथ्या महिन्यात भिंगाने पाहिले, तेव्हा पाणी जिथवर उभे राहते त्या उंचीपर्यंत त्यांतल्या बऱ्याच रेषा करड्या झाल्या होत्या. शाई म्हणजे काजळी आणि सरस. ती एकदा तड्यात शिरली की निघत नाही. शंभर वर्षांपूर्वीच्या मालकाच्या हातूनही हेच झाले असणार, हे मला पटते, पण शंभर वर्षे टिकलेल्या पिवळ्या रेषा माझ्या चार महिन्यांत काळ्या व्हाव्यात, हे मला पटले नाही. तेव्हापासून कुंचला आधी साध्या वाडग्यात खळबळून घेतो आणि शेवटचे धुणे तेवढे वाटीत करतो. पाणी लगेच ओततो, गरम पाणी कधीही वापरत नाही, साबण लावत नाही. त्यानंतरच्या पाच महिन्यांत रेषा आणखी गडद झालेल्या नाहीत.

कुपीने मात्र मला फसवले, किंवा विकणाऱ्याने फसवले. आमच्या घरी लोणच्याची बरणी घेताना आई बोटाच्या पेराने टिचकी मारून पाहायची; खणखणीत वाजली तर घ्यायची, बद्द वाजली तर ठेवून द्यायची. तड्यांच्या भांड्याला ही परीक्षा लागू पडत नाही, कारण झिलई जागोजाग तुटलेली असल्याने धड भांडेही बद्दच वाजते. कुपी घेतल्यावर तिसऱ्या आठवड्यात मेजावर ओलसर गोल उमटू लागला. रात्रभर पातळ कागदावर ठेवून पाहिली. सकाळी कागद ओला होता. वाटी त्याच रीतीने तपासली, तर कागद कोरडा. झिलईचे तडे कितीही दाट असले तरी खाली घट्ट भाजलेली माती असते, तिच्यातून पाणी पाझरत नाही. कुपीच्या मातीलाच चीर होती. विकणाऱ्याकडे गेलो, तर तडे असतातच, असे म्हणून त्याने विषय संपवला. पैसे परत मिळाले नाहीत.

त्यानंतर भिंगाखाली मी बराच वेळ घालवला आणि फरक दिसू लागला. जाळीतली रेषा दुसऱ्या रेषेला भेटली की बहुधा तेथेच थांबते, जशी शेताची मेर बांधाला मिळते. अंगाची चीर कोणासाठी थांबत नाही. ती जाळी कापत सरळ पुढे जाते, आणि भांडे उलटून पाहिले तर आतल्या बाजूलाही त्याच जागी असते. कुपीच्या तळाला अशी दीड सेंटिमीटरची चीर आहे आणि तिच्यावर तड्यांच्याच रंगाची शाई भरलेली आहे. अतिनील टॉर्चखाली तेवढा पट्टा निराळा चमकतो, म्हणजे वर आधुनिक राळ आहे. ही परीक्षा दुकानातच दोन मिनिटांत करता आली असती. आता मी टॉर्च आणि भिंग दोन्ही खिशात ठेवतो. कृत्रिमरीत्या रंगवलेले तडेही भिंगाखाली उघडे पडतात, कारण त्यांत सगळ्या रेषा एकाच गडदपणाच्या असतात.

खरेदीविषयी एक व्यावहारिक गोष्ट. चीनच्या मुख्य भूमीवरून 1911 पूर्वीच्या पुराणवस्तू बाहेर नेण्यास बंदी आहे, त्यामुळे शांघायच्या बाजारात आवडले म्हणून पिशवीत घालून आणता येत नाही. हाँगकाँगमध्ये हॉलिवूड रोडवरच्या दुकानांतून घेता येते, पण पावतीवर काळ आणि दुरुस्ती या दोन्ही गोष्टी लिहून घ्याव्यात.

डोळे तयार व्हायचे असतील तर आधी चांगले पाहावे लागते. लंडनला ब्रिटिश म्युझियमच्या 95 क्रमांकाच्या दालनात सर पर्सिव्हल डेव्हिड यांचा सुमारे 1,700 वस्तूंचा संग्रह आहे. हे डेव्हिड 1892 साली मुंबईत जन्मले. 1388 सालच्या एका चिनी पुराणवस्तू-मार्गदर्शिकेचा इंग्रजी अनुवादही त्यांनी केला. त्या दालनातील ग्वान आणि ग भांड्यांसमोर मी एक पूर्ण दुपार उभा होतो. परतल्यावर माझी वाटी हातात घेतली, तेव्हा तिची झिलई त्यांच्यापुढे पातळ आणि जरा जास्तच चकचकीत आहे, हे पहिल्यांदा दिसले. तरीही सकाळी तिच्यात पाणी ओतले की तळाची जाळी किंचित मोठी होऊन वर येते, आणि कुंचल्यातून सुटणारी शाई तिच्यावरून धुरासारखी पसरते.

कुपी आता कोरडीच असते. तिच्यात शिक्का ठेवतो. पाण्यासाठी तडे नसलेली, साधी पांढरी कुपी शोधतो आहे.