अलास्कातील अस्वले: ब्रुक्स धबधबा की मॅकनील नदी?

अलास्कात तपकिरी अस्वले जवळून पाहायची असतील, तर कॅटमाई राष्ट्रीय उद्यानातील ब्रुक्स धबधबा आणि त्याच्या ईशान्येस, समुद्रालगत असलेले मॅकनील नदी अभयारण्य या दोन जागांचा विचार आधी करावा. दोन्हीकडे रस्ता पोहोचत नाही, त्यामुळे छोट्या विमानाचा खर्च धरूनच चालावे.

ब्रुक्सला एका दिवसाच्या भेटीसाठी सोडत (चिठ्ठ्या काढून निवड) नसते. उतरताच अस्वलांच्या परिसरात कसे वागावे याची माहिती घ्यावी लागते आणि मग लाकडी मचाणावर जाता येते. जुलैमध्ये सॉकाय सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध उड्या घेतात, तेव्हा धबधब्याच्या काठावर मान पुढे काढून उभे राहिलेले अस्वल हवेतच मासा जबड्यात पकडते. हे दृश्य अद्भुत आहे. मात्र याच दिवसांत मचाणासाठी रांग लागते.

मॅकनीलला १९७३ पासून परवान्यांची सोडत असून तिथल्या धबधब्यापाशी दिवसाला केवळ १० जणांनाच, तेही अभयारण्याच्या कर्मचाऱ्यांसोबत, नेले जाते. तंबू आणि शिधा आपलाच, वाटेत चिखल आणि पाणी. पण माणसे सतत ठरल्याप्रमाणे वागत आल्यामुळे तिथली अस्वले त्यांच्याकडे फारसे लक्षच देत नाहीत, आणि एका उन्हाळ्यात तिथे १४४ वेगवेगळी अस्वले ओळखली गेली होती. जूनमध्ये ती किनाऱ्यालगतच्या कुरणांत चरतात. गरुड आणि कोल्हेही दिसतात.

चालण्याची तयारी असेल, तर माझी पसंती निःसंशय मॅकनीलला आहे. वयस्कर मंडळी सोबत असल्यास मात्र ब्रुक्सच निवडावे.